साखरेबरोबर दाबही मोजा

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि संचालक मंडळ,
माळेगाव सहकारी साखर कारखाना, शिवनगर
श्री सोमेश्वर सहकारी साखर कारखाना, सोमेश्वरनगर
श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना, भवानीनगर
कर्मयोगी शंकरराव पाटील सहकारी साखर कारखाना, महात्मा फुलेनगर
नीरा-भीमा सहकारी साखर कारखाना, शहाजीनगर

विषय : सभासद आणि ऊसतोड कामगार यांच्या किडनी तपासणीबाबत

सन्माननीय संचालक बंधू-भगिनींनो,



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्यापुढे ऊसदर, तोडणी यंत्रणा, उतारा, कर्जाचे हप्ते अशा विषयांची रांग लागते. त्या रांगेत आणखी एक विषय घ्यावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. कारखान्याच्या चाळिशीपुढच्या प्रत्येक सभासदाची आणि आपल्या कार्यक्षेत्रातल्या फडात राबणाऱ्या प्रत्येक ऊसतोड कामगाराची वर्षातून किमान एकदा किडनीच्या दृष्टीने तपासणी व्हावी. तपासण्या चारच आहेत : रक्तदाब, रक्तातली साखर, रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन. यातली चौथी सगळ्यात आधी इशारा देते आणि शिबिरांमध्ये बहुधा तीच राहून जाते.

हे पत्र आरोग्य खात्याला न लिहिता आपल्याला का, असा प्रश्न पडेल. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत घरोघरी पोहोचणाऱ्या ज्या मोजक्या यंत्रणा आहेत, त्यांत कारखान्याची शेतकी यंत्रणा पहिल्या ओळीत आहे. ऊस नोंदीच्या निमित्ताने प्रत्येक सभासदाचे नाव, गाव आणि गट आपल्या दप्तरी असतो. कोणत्या टोळीत किती कोयते (नवरा-बायकोच्या जोड्या) आहेत, ती कोणत्या गावाहून आली आणि आज कोणत्या फडात आहे, हे आपल्या गट कार्यालयाइतके नेमके कोणालाच ठाऊक नसते. मधुमेहाचा दोष साखर कारखान्यांवर टाकण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ज्यांच्याकडे यादी आहे, माणसे आहेत आणि ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे, त्यांच्याकडे मी हे मागणे मांडतो आहे.

मधुमेहाने किडनी जाते, हे आता गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ती कशी जाते, असे विचारले की उत्तर येते, रक्तातल्या साखरेने. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. किडनीच्या पेशींवर साखरेबरोबर दाबही पडतो. त्या पेशी या दाबाला प्रतिसाद देतात, आणि साखर व दाब एकत्र आले की दोघांनी केलेले नुकसान एकमेकांना वाढवत नेते. माझे सगळे मागणे या एका गोष्टीवर उभे आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो.

एका किडनीत सरासरी १० लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी अतिशय बारीक केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. दोन्ही किडन्यांतून मिनिटाला लिटरभर रक्त वाहते आणि या गुच्छांमधून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. त्यातले दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडते, बाकीचे शरीर परत घेते. एवढे गाळायचे तर मागून जोर हवा. म्हणून या गुच्छांतला दाब शरीरातल्या इतर केशवाहिन्यांच्या दुपटीच्या घरात असतो, पाऱ्याच्या मापाने ५० ते ६० मिलिमीटर. म्हणजे निरोगी माणसाच्या किडनीतल्या पेशीसुद्धा जन्मभर ताण सोसतच काम करतात.

या गुच्छाला बाहेरून वेढून पोडोसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात. त्यांना पायांसारख्या बारीक शाखा फुटतात, शेजारच्या पेशींच्या शाखांत त्या गुंततात आणि मध्ये सुमारे ४० नॅनोमीटरच्या फटी राहतात. या फटींवर नेफ्रिन नावाच्या प्रथिनाचा नाजूक पडदा असतो. हे प्रथिन १९९८ मध्ये सापडले. पाणी, क्षार, युरिया या फटींतून जातात आणि अल्ब्युमिनसारखी रक्तातली मोठी प्रथिने मागे राहतात. आपल्या ठिबकच्या संचात फिल्टरची जाळी असते, तेच काम पोडोसाइट करतात. दाब मर्यादेबाहेर गेला की जाळी फाटते आणि गाळ पुढे सरकतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मात्र ती जाळी निर्जीव असते आणि पोडोसाइट जिवंत. तिला ताण जाणवतो आणि ती त्यानुसार बदलते. मधुमेहातल्या बिघाडाची मुळे या बदलण्यात आहेत.

पेशीला ताण कसा जाणवतो, हे विज्ञानाला गेल्या काही दशकांत उलगडले. पेशीच्या आवरणात काही दारे अशी असतात की आवरण ताणले गेले की ती उघडतात आणि कॅल्शियम आत येते. पिझो नावाची अशी प्रथिने शोधल्याबद्दल आर्डेम पटापुटियन यांना २०२१ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. ही प्रथिने किडनीतही असतात. पोडोसाइटमध्ये टीआरपीसी-६ नावाचे आणखी एक दार आहे. त्याच्या जनुकात दोष असेल तर एकाच घराण्यातल्या अनेकांच्या किडनीवर व्रण पडतात, हे २००५ मध्ये कळले. पेशीच्या आत ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांचा सांगाडा असतो. प्रयोगशाळेत लवचीक पडद्यावर पोडोसाइट वाढवून तो पडदा ठरावीक लयीत ताणला, तेव्हा या धाग्यांची सगळी मांडणी बदलली. हा प्रयोग २००१ चा. २००४ मध्ये आणखी पुढचे दिसले : ताणलेल्या पोडोसाइट स्वतःच अँजिओटेन्सिन तयार करू लागतात. रक्तवाहिन्या आवळणारे आणि रक्तदाब वाढवणारे हे रसायन. म्हणजे दाबाने त्रासलेली पेशी दाब वाढवणारेच रसायन सोडते.

गुच्छाला आतून आधार देणाऱ्या मेसँजियल पेशींची कहाणीही अशीच आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉईट इथल्या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवले की गुच्छातला दाब वाढला की तो फुगतो, या पेशी ताणल्या जातात आणि ताणलेल्या पेशी कोलॅजेनसारखा चिवट माल तयार करून आजूबाजूला साठवू लागतात. हा माल साठत गेला की केशवाहिन्या दबतात आणि गुच्छाचा व्रण होतो. याच पेशींवर लंडनमध्ये झालेल्या कामातून साखरेचा धागाही हाती लागला. ताण दिला की पेशीच्या आवरणावर ग्लुकोज आत नेणाऱ्या वाहकांची संख्या वाढते. रक्तातली साखर तेवढीच असली तरी ताणलेली पेशी ती जास्त प्रमाणात आत ओढते. एकाच माणसाला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असले की किडनीची घसरण इतकी वेगाने का होते, त्याचे हे एक ठोस कारण आहे.

आणि मधुमेह स्वतःच हा दाब वाढवतो. गाळलेल्या पाण्याबरोबर रोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज नलिकेत उतरते. निरोगी शरीर ते जवळजवळ सगळे परत घेते, आणि परत घेताना त्याच्याबरोबर मीठही ओढले जाते. रक्तात साखर जास्त असली की हे परत घेणे वाढते, नलिकेच्या पुढच्या टोकाला मीठ कमी पोहोचते. तिथल्या पेशी त्यावरून असा निष्कर्ष काढतात की गाळणे कमी पडते आहे, आणि गुच्छाकडे रक्त आणणारी वाहिनी सैल सोडतात. रक्ताचा लोंढा वाढतो, गुच्छातला दाब चढतो. या काळात किडनी नेहमीपेक्षा जास्त गाळत असते, त्यामुळे क्रिएटिनिन अगदी छान दिसते. रुग्ण निर्धास्त असतो, घरचे निर्धास्त असतात, आणि आत पोडोसाइट सुटून लघवीवाटे वाहून जात असतात.

प्रौढ वयात पोडोसाइट पुन्हा विभागून नव्या तयार होत नाहीत. एक गेली की तिची जागा शेजारणींनी अंग ताणून भरायची, आणि त्यामुळे त्यांच्यावरचा ताण आणखी वाढतो. उंदरांवरच्या २००५ च्या प्रयोगात या घसरणीच्या पायऱ्या स्पष्ट दिसल्या. पाचव्या हिश्श्यापर्यंत पोडोसाइट गेल्या तरी गुच्छ कसाबसा सावरला, त्यापुढे जागोजागी व्रण पडू लागले आणि ४० टक्क्यांहून जास्त गेल्यावर गुच्छच्या गुच्छ निकामी झाले. अमेरिकेतल्या पिमा या आदिवासी समाजात मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. तिथल्या रुग्णांच्या किडनीतही पोडोसाइट घटलेल्या आढळल्या, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

संचालक मंडळींनो, आता त्या प्रयोगाकडे वळतो ज्याने हा सगळा विचार उपचारापर्यंत नेला. १९८६ मध्ये बॅरी ब्रेनर यांच्या अमेरिकेतल्या गटाने मधुमेही उंदरांना एनालाप्रिल हे रक्तदाबाचे औषध दिले. रक्तातली साखर त्यांनी चढीच राहू दिली. गुच्छातला दाब तेवढा खाली आणला. साखर तशीच असूनही या उंदरांच्या किडन्या मोठ्या प्रमाणात वाचल्या. ज्यांना औषध नव्हते त्यांच्या बिघडल्या. साखर सांभाळायची गरज नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. साखर चढी राहिली तर डोळे, मज्जातंतू, हृदय आणि किडनी सगळ्यांचे नुकसान होते. पण नुसती साखर मोजून आणि नुसत्या साखरेच्या गोळ्या देऊन किडनी वाचवता येणार नाही, हे त्या दिवसापासून विज्ञानाला माहीत आहे. गावोगावच्या तपासणीत ते अजून पुरते उतरलेले नाही.

माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांनी या समजुतीला बळ दिले. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिलची आणि २००१ मध्ये लोसार्टनची उपयुक्तता सिद्ध झाली. ही औषधे गुच्छातून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतात, त्यामुळे आतला दाब उतरतो. नंतर साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्या आल्या. त्यांच्यामुळे नलिकेच्या टोकाला मीठ पुन्हा नीट पोहोचते, आत येणारी वाहिनी योग्य तेवढी आवळली जाते आणि दाब कमी होतो. २०१९ च्या क्रेडेन्स चाचणीत कॅनाग्लिफ्लोझिनने किडनीचे गंभीर परिणाम सुमारे ३० टक्क्यांनी कमी केले. २०२० च्या डापा-सीकेडी चाचणीत डापाग्लिफ्लोझिनने ही घट ३९ टक्क्यांपर्यंत नेली. त्या चाचणीतल्या जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांना मधुमेह नव्हताच, तरी त्यांनाही फायदा झाला. डापाग्लिफ्लोझिनचे भारतातले पेटंट २०२० मध्ये आणि त्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपले आणि दोन्हींच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. उपचार आज बारामतीच्या पेठेत मिळतो. कोणाला द्यायचा, हे वेळेवर कळणे तेवढे उरले आहे, आणि ते तपासणीशिवाय कळत नाही.

किडनीचा आजार बोलत नाही. पायाला सूज, लघवीला फेस, दम लागणे ही लक्षणे येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. क्रिएटिनिनसुद्धा साधारण निम्मे काम गेल्यावरच ठळकपणे वाढू लागते. त्याआधी कित्येक वर्षे लघवीत थोडे थोडे अल्ब्युमिन उतरत असते. लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्ब्युमिन सापडले आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच दिसले, तर गाळणीवर ताण पडतो आहे हे समजावे. या टप्प्यावर दाब उतरवणारी औषधे, मीठ कमी, तंबाखू बंद आणि साखर आटोक्यात, एवढ्यावर माणूस डायलिसिसपासून कित्येक वर्षे दूर राहू शकतो. एवढे सांगण्यासाठी लघवीचा एक छोटा नमुना पुरतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांचा रक्तदाब जास्त आहे. बारामती-इंदापूरला यातून सूट मिळालेली नाही. उलट आपल्या भागाला काळजीचे आणखी एक कारण आहे, आणि ते पुणे जिल्ह्यातच सापडले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा दीर्घकालीन अभ्यास केला. या गावांतल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे हडकुळी दिसत होती, पण त्यांच्या अंगावर चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त होते. पुढे कमी वजनातही मधुमेह होण्याची आपल्याकडची प्रवृत्ती यातून बरीचशी उलगडली. आता हे किडनीशेजारी ठेवून पाहा. सगळे नेफ्रॉन आईच्या पोटात, साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होतात. जन्मानंतर नवा एकही नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जन्मवजनातल्या प्रत्येक किलोमागे सुमारे अडीच लाख गुच्छांचा फरक आढळला. त्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी अपघातात दगावलेल्यांच्या किडन्या तपासल्या, तेव्हा उच्च रक्तदाब असलेल्यांचे गुच्छ इतरांच्या निम्मेच निघाले. गुच्छ थोडे, म्हणजे प्रत्येकावर ओझे जास्त आणि दाब जास्त. अशा किडनीवर चाळिशीत मधुमेह आला तर झुंज सुरू होण्याआधीच बाजू लंगडी असते.

नीरा डावा कालव्याने या मुलखाचे रूप बदलले. एकोणिसाव्या शतकात दुष्काळी काम म्हणून खणलेल्या त्या कालव्याने ऊस आणला, उसाने कारखाने आणले, कारखान्यांनी शाळा-महाविद्यालये उभी केली. ज्या आज्यांनी गरोदरपणात बाजरीच्या भाकरीवर आणि डोक्यावरच्या ओझ्यावर दिवस काढले, त्यांची लेकरे आज आपले साठीतले सभासद आहेत. जन्माला येताना थोडे नेफ्रॉन घेऊन आलेल्यांची संख्या त्यांच्यात मोठी असणार, आणि पुढच्या आयुष्यात त्यांच्या ताटात, अंगमेहनतीत आणि वजनात झालेला बदलही मोठा आहे.

आता ऊसतोड कामगारांविषयी. हंगामात बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून येणाऱ्या टोळ्यांच्या कोप्या आपल्या शिवारात उभ्या राहतात. पहाटे अंधारात तोडणी सुरू होते, उन्हात मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरल्या जातात. त्यांच्या किडनीवरचा ताण वेगळ्या जातीचा आहे. घामाने शरीरातले पाणी जाते, किडनीला रक्त कमी पोहोचते, नलिकेतल्या पेशींना प्राणवायू कमी पडतो. अशी इजा एकदा भरून येते. रोज होत राहिली तर व्रण उरतो. निकाराग्वा आणि एल साल्वादोर इथल्या ऊसतोड कामगारांमध्ये मधुमेह नसताना, ऐन तारुण्यात किडनी निकामी होण्याची मोठी साथ दिसली आणि उष्णता व अंगमेहनत ही तिची प्रमुख कारणे मानली जातात. आपल्या देशात आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम पट्टा कारण न कळलेल्या किडनीच्या आजारासाठी ओळखला जातो. फेब्रुवारीनंतर आपल्याकडचे ऊन चढते, हंगाम लांबला की तोडणी मार्च-एप्रिलमध्ये जाते. टनावर मजुरी असल्याने कोणी मधे बसत नाही. खाडा पडला तर पैसे कापले जातात. फडाजवळ लघवीला जायची सोय नसल्याने बाया पाणी पिणेच टाळतात. अंग दुखले की दुखण्याची गोळी घेतली जाते, आणि पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या किडनीकडे जाणारे रक्त आणखी घटवतात. त्यांच्यातल्या एखाद्याला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर सांगितलेला दाबाचा मारा आणि उन्हाचा मारा एकाच किडनीवर पडतो.

निकाराग्वातल्या एका मोठ्या कारखान्याने आपल्या फडात पाणी, विश्रांती आणि सावली यांची शिस्त लावली. ठरलेल्या वेळी काम थांबवायचे, सावलीत बसायचे, पाणी प्यायचे. पुढच्या हंगामात कामगारांच्या किडनीला होणारी इजा कमी झाल्याची नोंद तिथल्या संशोधकांनी केली. हे काम सरकारने नव्हे, कारखान्याने केले, म्हणून त्याचा दाखला आपल्याला देतो आहे.

आपल्याकडे साधने नाहीत, असे म्हणता येणार नाही. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही तालुक्यांत उपजिल्हा रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि आशा सेविका आहेत. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात किडनीच्या दीर्घ आजाराचा समावेश झालेला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस आणि प्रत्यारोपणाला मदत मिळते. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे आणि त्यासाठी कारखाने टनामागे १० रुपये देतात. माळेगावात २००९ पासून अजैविक ताणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. ऊन, पाण्याची ओढ आणि क्षार पिकाला केव्हा आणि किती मारतात, याचे मोजमाप तिथे चालते; तसेच मोजमाप माणसासाठीही व्हावे. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते, तेव्हा हीच गावे लाखो वारकऱ्यांसाठी पाण्याची आणि औषधपाण्याची सोय उभी करतात. दोन तालुक्यांच्या सभासदांना आणि कामगारांना पुरेल एवढी तपासणी उभारणे या मुलखाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

माझ्या मागण्या चार आहेत.

पहिली, वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर गट कार्यालयनिहाय तपासणी व्हावी. चाळिशीपुढचे सर्व सभासद, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेले कोणत्याही वयाचे सभासद, त्यांच्या घरच्या स्त्रियांसह. चारही तपासण्या, निकाल छापील कार्डावर, आणि ज्यांच्या लघवीत अल्ब्युमिन सापडेल त्यांची तीन महिन्यांनी फेरतपासणी. निकाल फक्त त्या व्यक्तीच्या आणि डॉक्टरांच्या हाती राहावा; ऊस नोंद, कर्ज किंवा कामाशी त्याचा कसलाही संबंध जोडला जाऊ नये.

दुसरी, ऊसतोड कामगारांची तपासणी टोळी आल्यावर एकदा आणि परत जाताना एकदा. दोन आकड्यांतला फरक हंगामाने काय केले ते सांगेल. कार्ड कामगाराच्या हाती असावे, म्हणजे गावी गेल्यावर तिथल्या डॉक्टरला ते उपयोगी पडेल. प्रत्येक फडात पिण्याचे पाणी, सावलीचा ताडपत्री मांडव, स्त्रियांसाठी आडोसा आणि फिरते शौचालय, आणि उन्हाच्या महिन्यांत दुपारची सक्तीची विश्रांती द्यावी. त्या विश्रांतीत बुडालेल्या मजुरीची भरपाई कारखान्याने करावी, नाहीतर ती विश्रांती कोणी घेणार नाही.

तिसरी, सभासद आणि कामगार या दोन्ही घरांतल्या गरोदर स्त्रियांकडे खास लक्ष. रक्तदाब, हिमोग्लोबिन, वजन, पुरेसे जेवण आणि शेवटच्या महिन्यांत जड ओझ्यापासून सुटका. पुढच्या पिढीच्या किडन्या या नऊ महिन्यांत घडतात, आणि फडातल्या गरोदर बाईला मोळी उचलायला लागू नये ही जबाबदारी मुकादमावर सोडून चालणार नाही.

चौथी, औषधांची सलगता. कारखान्याच्या दवाखान्यात किंवा जवळच्या जनऔषधी केंद्रात दाब उतरवणारी औषधे कायम मिळावीत आणि ती कशी घ्यायची हे डॉक्टरांनी नीट समजवावे. उलट्या-जुलाब झाले किंवा उन्हात पाणी फार गेले, तर यातली काही औषधे डॉक्टरांना विचारून तात्पुरती थांबवावी लागतात. गरोदरपणात काही घेताच येत नाहीत. हे माहीत नसताना गोळ्या वाटणे धोक्याचे आहे, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाचा सहभाग आवश्यक आहे.

खर्चाचा प्रश्न निघेल, आणि तो रास्त आहे. पण न तपासण्याचाही खर्च असतो, आणि तो आज सभासदाच्या घरातून जातो. डायलिसिस योजनेतून मोफत झाले तरी आठवड्यातले दोन-तीन दिवस, गाडीभाडे, सोबतच्या माणसाची मजुरी आणि पडीक राहिलेले रान हे घरालाच सोसावे लागते. ऊसतोड कामगाराच्या घरी तर उचल फेडायची राहिलेली असते आणि कोयता अर्धा झालेला असतो. सहकाराचा पाया या भागात घातला गेला, तो एकट्याने न पेलणारे ओझे सगळ्यांनी मिळून उचलण्यासाठी. किडनीचा आजार हे तसेच ओझे आहे, आणि वेळेत ओळखले तर त्यातले बरेचसे उचलावेच लागणार नाही.

आपल्या सोयीसाठी ठरावाचा मसुदा इथेच देतो. येत्या सर्वसाधारण सभेत, विषयपत्रिकेवर रीतसर क्रमांक देऊन, तो मांडावा :

“कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील चाळीस वर्षांवरील सर्व सभासदांची, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या सर्व सभासदांची, या सभासदांच्या घरातील स्त्रियांची आणि सर्व ऊसतोडणी व वाहतूक कामगारांची रक्तदाब, रक्तशर्करा, क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन तपासणी दरवर्षी कारखान्याच्या खर्चाने, बारामती येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मार्गदर्शनाखाली करण्यात यावी. तोडणीच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, सावली, शौचालय व पगारी विश्रांती यांची व्यवस्था बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी पूर्ण करावी. किती जणांची तपासणी झाली, किती जणांत दोष आढळला आणि किती जण उपचारावर आहेत, याचा अहवाल कोणाचेही नाव न देता पुढील वार्षिक सभेपुढे ठेवण्यात यावा.”

सूचक आणि अनुमोदक मिळायला अडचण येणार नाही, अशी माझी खात्री आहे. पाचही कारखान्यांनी एकाच हंगामात हा ठराव केला, तर महाराष्ट्रातल्या इतर कारखान्यांना तो पुढे नेणे सोपे जाईल.

आपला विश्वासू,
नीरा-भीमेच्या पट्ट्यातील एका सभासद कुटुंबातला लेखक